टेकडी चालते, गोल्फ कोर्सला ती थांबलेली लागते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

समुद्रकिनाऱ्यावर गोल्फ कोर्स बांधायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, अहो कारखाना थोडाच आहे, धूर नाही, आवाज नाही, हिरवंगार गवत तर लावणार आहेत आणि वर गावातल्या चार पोरांना काम मिळेल, मग बिघडलं कुठे. मी पण बरीच वर्षं असंच म्हणायचो. मग तेलाच्या धंद्यातल्या नोकरीसाठी 2009 ला स्कॉटलंडला अ‍ॅबर्डीनला गेलो, 2014 पासून तेलाचे भाव कोसळले आणि 2015 मध्ये आमच्यातल्या बऱ्याच जणांसारखाच मीही गाशा गुंडाळून परत आलो, पण त्या सहा वर्षांत शहराच्या उत्तरेला मेनी नावाच्या इस्टेटीवर एक कोर्स माझ्या डोळ्यांदेखत उभा राहिला. आधीची जागा पाहिलीये, नंतरची पण पाहिलीये. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधीच सांगतो, गोल्फशी माझं काही वैर नाहीये. ऑफिसातल्या लोकांबरोबर मी खेळलोय, आणि समुद्राच्या वाऱ्यात तो खेळ किती वेगळा होतो ते कळल्यावर लोक त्यासाठी एवढं का वेडे होतात तेही समजलं. मुळात हा खेळ वाढलाच समुद्रकाठच्या वाळूवर. तिकडे अशा जमिनीला लिंक्स म्हणतात, शेतीला निरुपयोगी, मेंढ्या आणि ससे गवत कुरतडून आखूड ठेवायचे आणि लोक त्यातच खड्डे करून खेळायचे. सेंट अँड्रूजचा जुना कोर्स असाच घडत गेलाय, कुणी बुलडोझर लावून केलेला नाही. तिथली जमीन आजही सार्वजनिक आहे, कारभार ट्रस्टकडे आहे आणि रविवारी जुना कोर्स खेळासाठी बंद असतो, त्या दिवशी गावातली माणसं कुत्री घेऊन फिरायला येतात. म्हणजे गोल्फ आणि किनारा एकत्र राहूच शकत नाहीत असं मी म्हणत नाहीये. खेळ जमिनीच्या मापाने बसतोय का जमीन खेळाच्या मापाने कापली जातेय, सगळं त्यावर आहे.

आता जमीन कशी असते ते सांगतो, कारण ते समजल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही, मला पण समजलं नव्हतं.

मेनीच्या थोडं वर इथन नावाची नदी समुद्राला मिळते आणि नदीच्या पलीकडे फोर्वी नावाचं राखीव क्षेत्र आहे. तिथे मी सुट्टीच्या दिवशी जायचो. वाळूच्या मोठमोठ्या टेकड्या, खाडीच्या तोंडाशी पडलेले सील, उन्हाळ्यात टर्न पक्ष्यांचा कलकलाट आणि आयडर बदकं. टेकड्यांमधून चालत गेलं की मध्येच एका छोट्या चर्चच्या दगडी भिंती दिसतात, जेमतेम कमरेएवढ्या उरल्यात. तिथे एक गाव होतं. 1413 साली मोठं वादळ झालं आणि वाळूने गाव गिळलं असं तिथली माणसं पिढ्यानपिढ्या सांगत आलीयेत, तारीख किती बरोबर ते सोडा पण भिंती तुमच्यासमोर आहेत आणि वाळू पण. मी पहिल्यांदा तिथे उभा राहिलो तेव्हा डोक्यात शिरलं की ही टेकडी म्हणजे डोंगर नव्हे, ही चालते. हळू चालते पण चालते.

ती चालते कशी ते गुडघ्यावर बसून बघितलं की दिसतं. मॅरम म्हणून एक गवत असतं, कडक, पात्याच्या कडा आत वळलेल्या, हात लावला तर टोचतं. वाऱ्याबरोबर आलेली वाळू त्या गवतात अडकते, गवत गाडलं जातं, आणि गाडलं गेलं की ते वर नवीन फुटवा काढतं, परत वाळू अडकते, परत वर येतं. गाडलं जाणं हेच त्याचं जगणं आहे. वाळू यायची थांबली की हेच गवत खुरटतं आणि मग हळूहळू दुसरी झाडं जागा घेतात. टेकड्यांच्या मध्ये जे सखल भाग असतात तिथे वारा वाळू उडवत उडवत पार भूजलाच्या पातळीपर्यंत खाली जातो, म्हणून हिवाळ्यात तिथे पाणी साचतं आणि उन्हाळ्यात ओल टिकते, त्या ओलीवर काही वेगळीच फुलं आणि किडे जगतात जे शेजारच्या कोरड्या टेकडीवर अजिबात सापडत नाहीत. पुढची टेकडी सरकते, हा सखल भाग भरतो, दुसरीकडे नवा तयार होतो. वादळात समुद्र पुढची वाळू ओढून नेतो आणि शांत दिवसांत परत आणून टाकतो, मागच्या वस्तीला खरं संरक्षण ह्या देवाणघेवाणीचं असतं.

आणि गोल्फ कोर्सला नेमकं काय लागतं? सगळं जिथल्या तिथे. 18 होल म्हणजे चेंडू घालायचे खड्डे आखले की ते 18 तिथेच राहिले पाहिजेत, फेअरवेवर म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर वाळू उडून आलेली चालत नाही, ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीची अगदी आखूड हिरवळ, एका बोटाने हललेलं चालत नाही. हा साधा विरोध आहे, आणि मला तरी वाटतं की पर्यावरणाचं जे काही नुकसान होतं आणि पैशाची जी गणितं चुकतात त्यातलं बरंचसं ह्या एकाच गोष्टीतून निघतं.

मेनीला हेच झालं. 2006 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी ती इस्टेट घेतली. आराखड्यात दोन कोर्स, 450 खोल्यांचं हॉटेल, शेकडो हॉलिडे होम्स, 500 घरं असं सगळं होतं, एक अब्ज पौंडांची गुंतवणूक आणि सुमारे 6,000 नोकऱ्या असे आकडे सगळीकडे फिरत होते. अडचण एकच होती, पहिल्या कोर्सचा काही भाग फोव्हेरन लिंक्स नावाच्या जागेत घुसत होता आणि ती जागा कायद्याने शास्त्रीयदृष्ट्या विशेष महत्त्वाची म्हणून जाहीर झालेली होती. का, तर तिथे उघड्या वाळूचा एक प्रचंड घुमट होता जो वाऱ्याने दरवर्षी काही मीटर सरकायचा. इतका मोठा आणि इतका जिवंत वाळूचा पट्टा ब्रिटनमध्ये फार थोड्या ठिकाणी उरलाय. सरकारचंच निसर्ग खातं विरोधात होतं, पक्षीसंस्था विरोधात होत्या. 2007 च्या नोव्हेंबरमध्ये अ‍ॅबर्डीनशायर कौन्सिलच्या समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने अर्ज फेटाळला गेला. त्यानंतर काही दिवसांतच स्कॉटिश सरकारने प्रकरण स्वतःकडे घेतलं, त्या अध्यक्षांना पदावरून काढलं गेलं, 2008 च्या उन्हाळ्यात जाहीर चौकशी झाली आणि नोव्हेंबरमध्ये परवानगी मिळाली. कारण काय दिलं, की निसर्गाचं नुकसान होणार हे मान्य, पण आर्थिक फायदा त्याहून मोठा आहे.

हे वाक्य नीट वाचा. नुकसान होणार नाही असं कुणी म्हटलंच नाही. सौदा झाला, टेकडी द्या आणि नोकऱ्या घ्या.

टेकडी दिली गेली. 2010 ला काम सुरू झालं. मी त्याआधीच्या वर्षी तिथून समुद्राकडे चालत गेलो होतो, वारा होता, वाळू घोट्याच्या उंचीवरून धुरासारखी पळत होती आणि घुमटाच्या माथ्यावर एक कड होती जी आपण बघत असताना मोडत होती आणि परत होत होती. पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्यावर ओळीत मॅरमची रोपं खोचलेली होती. हो, तेच गवत. जे गवत टेकडी घडवतं तेच हाताने लावून टेकडी गोठवली होती. दुरून बघणाऱ्याला हिरवं दिसतं, छान दिसतं, आणि इथेच आपण सगळे फसतो कारण हिरवं म्हणजे चांगलं असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. त्या जागेची किंमत उघड्या वाळूत होती. हिरवं होणं हाच तिचा शेवट होता.

2012 च्या जुलैमध्ये कोर्स उघडला. 2020 च्या डिसेंबरमध्ये नेचरस्कॉट म्हणजे तिथल्या निसर्ग खात्याने त्या भागाचा संरक्षित दर्जाच काढून टाकला, कारण ज्यासाठी दर्जा दिला होता ते आता तिथे पुरेसं शिल्लकच राहिलं नाही. म्हणजे पुरती वसुली झाली, हप्ता बाकी नाही.

आणि नोकऱ्या? 450 खोल्यांचं हॉटेल झालं नाही, इस्टेटीवरच्या जुन्या हवेलीतच थोड्या खोल्यांची सोय झाली. घरांचा मोठा भाग कागदावरच राहिला. कंपनीच्या हिशोबात सुरुवातीची बरीच वर्षं तोटाच दिसतो आणि कामावरच्या माणसांची संख्या वर्षानुवर्षं शंभराच्या आत राहिली. दुसरा कोर्स उघडायला 2025 उजाडलं. आता कुणी म्हणेल की 2008 ची जागतिक मंदी आली त्याला कोण काय करणार, ते खरं आहे, मंदी आली. ट्रम्प यांचं स्वतःचं म्हणणं होतं की समोरच्या समुद्रात पवनचक्क्या येणार म्हणून हॉटेल थांबवलं, त्यावर ते कोर्टात गेले, 2015 ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात हरले आणि 2018 मध्ये त्या 11 पवनचक्क्या उभ्या पण राहिल्या. कारणं असतातच हो. पण मला टोचतं ते वेगळंच आहे, मंदी आली, वाद झाला, बेत बदलला की नोकऱ्यांचा आकडा खाली आणता येतो, त्याच्या बदल्यात दिलेली टेकडी मात्र परत मागता येत नाही. सौद्यातली एक बाजू रोख आणि दुसरी उधार. आपण घरात साधा फ्रीज घेताना सुद्धा असला व्यवहार करत नाही.

बरं जे काम मिळतं ते पण नीट बघायला हवं. कोर्सवरची कामं म्हणजे गवत सांभाळणारे, खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे कॅडी, किचन, हाऊसकीपिंग, बरीचशी हंगामी, हिवाळ्यात हात रिकामे. ज्यांना माहिती आहे ते हिरवळ सांभाळणं हे कौशल्याचं काम आहे हे सांगतील आणि ते बरोबर आहे, पण अशी माणसं एका कोर्सला किती लागणार? मोठा पैसा बऱ्याचदा खेळात नसतोच, तो आजूबाजूच्या घरांच्या विक्रीत असतो, कोर्स ही त्या घरांची जाहिरात असते. शिवाय ज्या भागात आधीच दहा कोर्स आहेत तिथे अकरावा आला की त्यातले काही खेळाडू नवीन येतात आणि काही शेजारच्याकडून उठून येतात, मग शेजारच्या क्लबचं जे कमी झालं ते नव्या फायद्यातून वजा करायला नको का? अहवालात बेरीज असते, वजाबाकी शोधावी लागते.

उलट उदाहरण पण द्यायला पाहिजे नाहीतर मी एकतर्फी बोलतोय असं होईल. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर बँडन म्हणून छोटं गाव आहे, लाकूड आणि मासेमारीवर जगणारं, दोन्ही धंदे बसले. 1999 ला तिथे बँडन ड्यून्सचा पहिला कोर्स झाला, मग एकामागून एक होत गेले आणि आज त्या भागात सगळ्यात जास्त माणसांना काम देणाऱ्यांत त्याचं नाव आहे. हे खरंखुरं यश आहे. पण तिथली जमीन आधीच गॉर्स नावाच्या बाहेरून आलेल्या काटेरी झुडपाने व्यापलेली होती, तेच झुडूप जे तेलासारखं पेटतं आणि ज्याच्यामुळे 1936 ला जवळजवळ सगळं गाव जळालं होतं. बिघडलेल्या जमिनीवर कोर्स करणं आणि शाबूत टेकडीवर करणं ह्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे, ह्याच बँडनचे मालक पुढे स्कॉटलंडच्या उत्तरेला एम्बो गावाजवळ कूल लिंक्स नावाच्या जागेवर कोर्सचा प्रस्ताव घेऊन आले तेव्हा सरकारने 2020 च्या फेब्रुवारीत तो नाकारला. तिथे ती जमीन शाबूत होती. फोन्सेकाची माशी म्हणून एक बारीकशी माशी आहे जी जगात फक्त तेवढ्याच किनारपट्टीवर सापडते, आख्ख्या जगात, फक्त काही मैल. गावातले बरेच लोक कोर्सच्या बाजूने होते आणि मला त्यांचा राग येत नाही, तरुण पोरं गाव सोडून जातायत हे रोज बघणाऱ्या माणसाला माशीचं कौतुक सांगणं सोपं नाही. नकारानंतर दुसरा, बदललेला आराखडा गावकऱ्यांच्याच पुढाकाराने आला आणि वाद परत पेटला. पोटाचा प्रश्न खोटा नाहीये, तो सोडवायला जे औषध दिलं जातं त्याचा गुण येतो का एवढाच माझा प्रश्न आहे.

पाण्याचं पण थोडं सांगतो कारण गरम आणि कोरड्या किनाऱ्यांवर टेकडीपेक्षा हाच मुद्दा मोठा होतो. स्कॉटलंडमध्ये पाऊस भरपूर आणि तिथलं मूळचं फेस्क्यू गवत कमी पाण्यावर, कमी खतावर जगतं, म्हणून जुने लिंक्स फार पाणी मागत नाहीत. तोच खेळ कोरड्या हवेत नेला की एका कोर्सला उन्हाळ्यात दिवसाला काही लाख लिटर लागतात. किनाऱ्याला हे पाणी येणार कुठून, बोअरमधून. आणि किनाऱ्याखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, गोडं हलकं म्हणून वर, खारं जड म्हणून खाली. ढोबळ नियम असा आहे की समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी 1 मीटर असेल तर खाली साधारण 40 मीटर गोडं पाणी असतं. आता तीच गोष्ट उलटी वाचा, वरची पातळी उपसून 1 मीटर खाली आणली तर कालांतराने खालून खारं पाणी 40 मीटर वर चढू शकतं. कोर्सवाल्याचं गवत बदलता येतं, पास्पालमसारखी खारं पाणी सोसणारी जात लावतात, पण शेजारच्या विहिरीवर प्यायला येणाऱ्या माणसाला तसा पर्याय नसतो. खताचं पण तेच, वाळूत काही टिकत नाही, टाकलेलं नत्र पावसाबरोबर सरळ खाली भूजलात आणि तिथून खाडीत. आणि ती टेकडीवरची मूळची झाडं उपाशी जमिनीवर जगायला शिकलेली असतात, त्यांना खत पोचलं की ती मरतात असं नाही, पण दांडगं गवत माजतं आणि त्यांना दाबून टाकतं. हे एका वर्षात दिसत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात पण येत नाही.

आणि शेवटी समुद्र. कोर्स आखून झाला, करोडो ओतले, आता किनारा खचायला लागला तर? आयर्लंडमध्ये क्लेअर परगण्यात डूनबेगला हे झालं. 2014 च्या सुरुवातीच्या वादळांत तिथल्या कोर्सचं बरंच नुकसान झालं, त्याच वर्षी तो ट्रम्प यांच्या कंपनीने घेतला आणि मग समुद्राच्या बाजूने भिंत बांधायचा अर्ज आला. पहिला बेत 2.8 किलोमीटर लांब दगडी बांधाचा होता, विरोध झाल्यावर तो मागे घेतला, मग छोटा बेत आला, कौन्सिलने मंजूर केला आणि 2020 मध्ये तिथल्या राष्ट्रीय नियोजन मंडळाने तो नाकारला कारण मागच्या संरक्षित टेकड्यांवर परिणाम होणार होता. भिंत घातली की लाट आणि टेकडी ह्यांच्यातली देवाणघेवाण संपते, भिंतीच्या पुढची पुळण झिजत जाते आणि भिंत जिथे संपते तिथून पुढच्याचा किनारा जास्त जोरात खचतो. तो पुढचा कोण, त्याचा कोर्समधे काडीचा हिस्सा नसतो. स्कॉटलंडच्या माँट्रोजमध्ये तर शेकडो वर्षं जुना कोर्स आहे, समुद्र गेल्या तीसेक वर्षांत काही ठिकाणी जवळपास 70 मीटर आत आलाय आणि होल मागे सरकवावे लागलेत. जुन्या क्लबला सरकायला मागे जागा होती. मागे घरं विकून टाकलेली असती तर?

एक चांगली गोष्ट सांगायचीच राहिली. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने कुणालाही जबाबदारीने बहुतेक मोकळ्या जमिनीवरून चालत जायचा हक्क आहे, गोल्फ कोर्सवरून सुद्धा, फक्त ग्रीनवर पाय द्यायचा नाही आणि खेळात अडथळा आणायचा नाही. त्यामुळेच कोर्स झाल्यावरही मला तिथून समुद्राकडे जाता आलं. जिथे असा कायदा नाही तिथे कुंपण आलं की कोळ्याची वाट, लहान मुलांची वाट, सगळ्या एका दिवसात बंद, आणि ह्या वाटेची किंमत कुठल्याच प्रकल्प अहवालात लिहिलेली मी पाहिली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की असा प्रस्ताव कुठेही आला तर क्रम उलटा करा. आधी पाणी कुठून येणार त्याचं मोजमाप, किनारा मागच्या पन्नास वर्षांत किती सरकला त्याचे नकाशे, पुढे भिंत मागणार नाही असं लेखी, आणि जे हॉटेल आणि ज्या नोकऱ्या दाखवून परवानगी मागताय त्या परवानगीच्या अटीत, टप्प्याटप्प्याने, म्हणजे पहिला टप्पा बिघडलेल्या जमिनीवर पुरा करून दाखवल्याशिवाय शाबूत टेकडीला हात लावायचा नाही. मेनीला नेमका उलटा क्रम झाला, जे परत येत नाही ते सगळ्यात आधी गेलं. प्रवर्तकाचा स्वतःच्या आकड्यांवर विश्वास असेल तर ह्या अटीला तो घाबरणार नाही.

आणि संपादकसाहेब, तुम्हाला एक विनंती. अशा प्रकल्पांच्या बातमीत मथळ्यात नोकऱ्यांचा आकडा मोठ्या टायपात असतो. पुढच्या वेळी त्या आकड्याच्या खाली एक ओळ छापाल का, हा आकडा कुणी काढला, त्यात बांधकामापुरती किती आणि कायमची किती, आणि परवानगीच्या कागदात तो आहे का नाही.

आपला,
एक जुना वाचक